उन्हात मिटणारा डोळा

प्रिय चिमणे,

तुझी कंबर आता कशी आहे? जावईबापूंचा खोकला गेला, की अजून वाफ घ्यायचा कंटाळाच करताहेत? विहीणबाईंचे गुडघे बरेच असणार, रोज बागेपर्यंत चालतात म्हणे. आणि तुझ्या ठकीचा डावा डोळा? तो मुद्दाम शेवटी विचारतोय. मी ठणठणीत. तुझ्या आईचा रक्तदाब वरखाली होतो, तोही माझ्यामुळे, असं तिचं म्हणणं.

परवा तू फोनवर सांगितलंस, की सुट्टीत ठकी इकडे येणार नाही. डोळ्याचे व्यायाम तिकडच्या आजीच्या हाताखाली रुळलेत, मध्ये खंड नको. मी बरं म्हणालो, फोन ठेवला, आणि त्या दिवशी दुकानात दुरुस्ती करताना एकाच घड्याळाचे दोन स्क्रू चिमट्यातून उडवले. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. खरं सांगू? मला विहीणबाईंचा हेवा वाटतो. तुम्ही आपली गल्ली सोडून त्यांच्याकडे राहायला गेलात, आणि आठ दिवसांत त्यांनी ओळखलं, की पोर दमली किंवा लांब बघत बसली की तिचा डोळा बाहेरच्या बाजूला सरकतो, पापणी लवली की जागेवर येतो. लगेच डॉक्टरांकडे नेलं. सगळे म्हणतात, काय बाई नजर! असेल, शाळेत बत्तीस वर्षं पोरं पाहिलीत त्यांनी. पण केसाएवढी स्प्रिंग वाकलेली ओळखणारा मी, माझ्या नजरेचं कुणी नाव काढत नाही.

तुझी आई म्हणते, पोरीचं भलं होतंय ना, मग तुमचं का पोट दुखतं? दुखतं, त्याला मी काय करू? ठकी फोनवर आजीचंच पुराण लावते. आजीने दोरीत तीन मणी ओवलेत. एक टोक दाराच्या कडीला, दुसरं नाकाशी. मण्याकडे बघताना दोन दोऱ्या दिसल्या, तर दोन्ही डोळे कामावर. एकच दिसली, तर एकाने दांडी मारली. बाईंची हजेरी घ्यायची सवय काही जात नाही! मी हसलो, पण आतून जळलो. त्या दोरीचं एक टोक माझ्या हातात का नाही?

गेल्या उन्हाळ्यातलं आठवतं? मी डोळ्याला भिंग लावून काम करायचो आणि ठकी दुकानाच्या पायरीवर बसायची. ऊन आलं की डावा डोळा गच्च मिटायची. भिंग लावताना मीही डावाच मिटतो. मला वाटलं, माझी नक्कल करतेय. केवढा फुगलो मी! येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचो, बघा, आमची गादी चालवणारी. माझं जुनं भिंगही तिला देऊन टाकलं. एकदा तू विचारलंस, बाबा, हिचा डोळा वेगळा वाटतो का हो? मी तुला उडवून लावलं, की घड्याळवाल्याची नात आहे, एकाच डोळ्याने बघणार.

उन्हात एक डोळा मिटणं ही याच दुखण्याची खूण, असं डॉक्टर म्हणाले, हे तूच सांगितलंस. पायरीचा विषय मात्र काढला नाहीस. म्हणून मीच लिहितोय. ते सगळ्यांच्या आधी मला दिसलं होतं, चिमणे. अख्खा उन्हाळा, रोज. आणि मी त्याचं कौतुक करत बसलो. आता मीही दोरी ओवलीय, दुकानाच्या कडीला बांधून शिकतोय. पहिल्या दिवशी एकच दोरी दिसली, म्हणून घाबरलो. तुझी आई म्हणाली, अहो, सवयीने डोळा मिटलाय तुम्ही. ठकीकडचं ते एका डोळ्याचं भिंग काढून घे, रडली तर माझं नाव सांग. आणि विहीणबाईंना विचार, ठकीला घेऊन आठ दिवस येतील का? खंड पडणार नाही. दुकानातली माझी खुर्ची त्यांना देईन, मी पायरीवर बसून शिकेन, डोळा सरकला की न रागावता पोरीला काय म्हणायचं ते. त्या काय म्हणाल्या, ते लगेच कळव. वाट बघतोय.

तुझाच,
बाबा