कोरडा दंड

५ मार्च
लस टोचून आज आठवा दिवस. देवीच्या वॉर्डात कामाला घ्यायच्या अकराही जणींचे दंड तपासले. एकीलाही फोड नाही, नुसता ओरखडा. लहानपणी सगळ्यांना लस झालेलीच आहे. दुसऱ्यांदा टोचून दंड कोरडा राहिला की रजिस्टरात 'इम्यून' लिहायचं — वीस वर्षं हेच करतोय. अकरा वेळा लिहिलं, सही ठोकली. पाय भरून आलेत.

अकरावी आमची ताई. पोरं लांब गेली, घर खायला उठतं म्हणे! "इम्यून म्हणजे काय रे?" — "म्हणजे तुला देवी येणार नाही." — "मग आण ती बादली!" लगेच आत गेलीसुद्धा.

९ मार्च
लिहायला त्राण नाही.

१४ मार्च
नव्या डॉक्टरीणबाई आल्या. रजिस्टर चाळता चाळता थांबल्या. "अकरापैकी अकरा? लस कुठे ठेवली होती?" कपाटात. बर्फवाला तेव्हा चार दिवस फिरकलाच नव्हता. "अहो, कोरडा दंड म्हणजे इम्यून नव्हे! उकाड्याने लस मेलेली असली तरी दंड कोरडाच राहतो. 'लागली नाही' एवढंच लिहायचं आणि पुन्हा टोचायचं."

वीस वर्षं! मला कुणी सांगितलं नाही, असं म्हणणार होतो, पण मी तरी कधी विचारलं?

दुपारीच अकराही जणींना ताजी लस टोचली. ताई म्हणाली, "परत? हात आहे की सुया खोचायची उशी?" सगळ्या हसल्या. नऊ दिवस ती रोग्यांच्या चादरी धुतेय. खरं सांगायचं धाडस झालं नाही. लाज वाटते स्वतःची.

१८ मार्च
ताईला ताप. कंबर धरून निजलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लशीचाही असू शकतो. थांबून बघू." लशीचाच असू दे. लशीचाच!

१९ मार्च
ताप तसाच. तिला सगळं सांगून टाकलं — कपाट, बर्फ, सही. म्हणाली, "तुला तरी कुठे ठाऊक होतं?" आणि पाणी मागितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ मार्च
ताप उतरला! ताई उठून बसली, भूक लागली म्हणाली. "बघ वेड्या, लशीचाच होता. उगाच जीव टांगणीला लावलास."

तिच्या कपाळावर तांबडे ठिपके आहेत. तिला अजून दिसलेले नाहीत.