दादीची माळ, दादीची टेप

मी, बद्रुद्दीन हसन पिंजारी, वय ७६, धंदा लेथ-वर्कशॉप, सातपूर, राहणार जुने नाशिक, आज पूर्ण शुद्धीत, चहा पिऊन, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. बायको नूरबानो शेजारी बसली आहे, पण ते दडपण नव्हे, सवय आहे.

१. घर, वर्कशॉप व बँकेतली शिल्लक शरीयतप्रमाणे ज्याची त्याला जाईल. त्यात मी बोट घालत नाही. फक्त माझा व्हर्निअर कॅलिपर भाऊ मुन्ना याच्या हाती देऊ नये. त्याने एकदा त्या कॅलिपरने खिळा ठोकला आहे.

२. बाकी हे मृत्युपत्र एका माळेचं आणि एका टेपचं. माझ्या दादीची आई लहानपणी गुलामांच्या गलबतावरून सोडवून इथल्या शरणपूर मिशनमध्ये आणलेल्या आफ्रिकी मुलांपैकी. तिची निळ्या-पांढऱ्या काचमण्यांची माळ दादीकडे आली. माळ तुटली तेव्हा दादीची नजर गेली होती. घरातले सगळे ओवायला बसले, ती सांगत होती, "मोजा, बिली, तातू, मग पांढरा." सगळ्यांना वाटलं, ‘मोजा’ हा हुकूम. म्हणून बिली एक, तातू दोन. दोन निळे, एक पांढरा असं ओवलं. शेवटी निळे मणी उरले, ते डबीत ठेवले. ठरलं, म्हातारीला मोजता येत नाही.

१९७१ साली दुरुस्तीला आलेल्या स्पूल टेपवर मी तिचा आवाज भरला. त्यात मी हसत विचारतो, "दादी, नुसतं मोजा मोजा करतेस, मोजत का नाहीस?" ती म्हणते, "मोजतेच आहे की, मेल्या! तुझे कान कुठे चरायला गेलेत?"

लेथचं बेअरिंग जाणार, हे मला आठ दिवस आधी ऐकू येतं. दादी मात्र ऐकू आली नाही.

३. गेल्या वर्षी पुरातत्त्वाचे प्रा. सोमनाथ गायधनी माळेचे फोटो घेऊन गेले आणि दोन निळे, एक पांढरा या नक्षीवर लेख लिहायला बसले. भाषाशास्त्राच्या डॉ. सायली बोरस्ते टेपची नक्कल घेऊन गेल्या. दोघे एकाच इमारतीत, मधे एक जिना. दोघांनीही मला बजावलं, "चाचा, छापून येईपर्यंत कोणाला दाखवू नका हं." मी दोघांना "बरं" म्हटलं आणि दोघांना एकाच दिवशी अकराला वर्कशॉपवर बोलावलं.

टेप लावली. सायलीताई म्हणाल्या, "ही स्वाहिली आहे, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची. मोजा म्हणजे एक. एक, दोन, तीन."

सोमनाथ सर माळेकडे बघतच राहिले. "म्हणजे निळे तीन?"

डबीतले उरलेले निळे मणी काढले. जितके पांढरे, तितकेच निघाले. तिथेच ओवून पाहिले, एकही उरला नाही.

"माझा लेख गेला, चाचा."

"एक लेखच ना सर? आमचं अख्खं घर पन्नास वर्षं चुकलं."

त्या दुपारी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

४. माळ नात रिदा हिची; तिने घालावी किंवा ठेवावी, पण निळे मणी तीन-तीनच राहावेत. टेपच्या व माळेच्या फोटोंच्या नकला मागेल त्या अभ्यासकाला द्याव्यात, मग तो भाषेचा असो, मातीचा असो की इतिहासाचा. अट एवढीच, की छापण्याआधी त्याने दुसऱ्या विषयाच्या निदान एका माणसाबरोबर बसून सगळं पाहावं, ऐकावं, आणि काय सापडलं ते रिदाला मराठीत लिहून द्यावं. "फक्त आमच्याकडे ठेवा" म्हणणाऱ्याला चहा द्यावा, बाकी काही नाही. टेप साफ करताना माझं हसणं खरखर समजून कापू नये. कोण चुकत होतं, तेही ऐकणाऱ्याला कळायला हवं.

५. दादीची माफी मागायची राहिली होती. ती मी गेल्या शुक्रवारी कबरस्तानात जाऊन, मोठ्याने, मागून आलो. हे काम वारसांवर सोडलेलं नाही.

वाचून, ऐकवून, समजून सही केली.
बद्रुद्दीन हसन पिंजारी

आमच्यासमोर सही झाली:
१. वाल्मीक खैरनार, शेजारचे वर्कशॉप
२. डॉ. तरन्नुम अत्तार (लिहिणारे शुद्धीवर आहेत, कान माझ्यापेक्षा चांगले)

नाशिक, ११ जानेवारी २०२६