पाठमोरी

१४ नोव्हेंबर २००७, आसगाव
पोचलो एकदाचे! वरठी स्टेशनला गाडीतून उतरलो तेव्हा डोक्यावर ट्रंक, काखेत गुंडाळलेलं चित्र. माझा अवतार बघून भावना हसून हसून बेजार. लग्नाला जेमतेम महिना झालाय, आणि मी बायकोला घेऊन कुठे आलो, तर तिच्याच माहेरच्या मुलखात नाटक बसवायला! इथल्या नाट्यमंडळाला दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे इथल्या जत्रेत, काहीतरी नवं हवंय. मी संवादबिंवाद सगळे उडवणार. घाटावरच्या बायकांचं एक जुनं तैलचित्र नुसत्या अंगांनी जिवंत करायचं. खोलीमागून कापलेल्या धानाचा वास येतो. झक्कास जागा आहे.

१७ नोव्हेंबर
चित्रात मधोमध एक पाठमोरी बाई आहे, लांब वेणीची. ती भावना करते. अशी उभी राहते की श्वास चाललाय की नाही कळत नाही. गुणाची आहे माझी बायको! कपडेपट सांभाळणाऱ्या धुरपताबाईंनी मात्र डोकं खाल्लं. म्हणाल्या, आमच्या झाकीत (म्हणजे सजीव देखाव्यात) पाठ करून उभी राहणारीले शेवटी वळून लोकायले तोंड दाखवाच लागते, नाही तं ते सोंग अंगावरून सुटत नाही. मी साफ नाही म्हटलं. चित्र कधी वळतं का?

२१ नोव्हेंबर
तालीम संपली तरी भावना जागची हलेना. हाका मारल्या, चिमटा काढला. बाकीच्या बायका आधी हसल्या, मग मागे सरकल्या. शेवटी निघाली, पण घरापर्यंत माझ्या पुढेच चालत राहिली. रुसली असेल.

२२ नोव्हेंबर
रुसवा नाही हा. भाजी चिरते, बोलते, पण पाठ माझ्याकडेच. समोर जावं तर ती फिरलेली असते. फिरताना मात्र दिसत नाही. मला भीती वाटते.

२३ नोव्हेंबर
धुरपताबाईंचे पाय धरले. आता कायले आले, म्हणाल्या. तरी दुपारी बायकांना गोळा करून समोर बसवलं. मी विंगेत होतो. भावनाला वळायला सांगितलं. ती वळली, आणि बायका किंचाळत पळाल्या. धुरपताबाईसुद्धा.

२४ नोव्हेंबर
गावात कोणी आम्हाला दार उघडत नाही. ती भिंतीकडे तोंड — तोंडच असेल ना —
माझी बायको आहे. अशी सोडून जाणार नाही.

संध्याकाळ
खांदे धरून वळवलं. वेणी. पुन्हा वळवलं — वेणी.
केस बाजूला केले. खाली केसच —
आतून रडते आहे. म्हणते, तुमी कोन्या बाजूनं आहा जी, मले दिसून नाही राहिलं —
इथंच आहे गं, भावना —
माझं तोंड चाचपते आहे. तिची बोटं फिरतात तिथं तिथं केस —