शेवटचं थान

मंगळवार, संध्याकाळ

ते शेवटचं थान आजही रिकामंच. डुकरिणीच्या आठ पिल्लांची थानं ठरलेली. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत भांडून वाटून घेतात, मग दुसऱ्याच्या जागेला तोंड लावत नाहीत. सात पिल्लं पीत होती आणि चिमणीची जागा तशीच.

चिमणी हे नाव अमृताने व्हिडिओ कॉलवर ठेवलं होतं, सगळ्यात बारकी म्हणून. परवा दुपारी तीच अमृता फोनवर म्हणाली, "कॉलेज सोडून डुकरं पाळतोस. घरी तुझ्याबद्दल काय सांगू?" डोकं फिरलं. शेडच्या भिंतीलगतचा आडवा बांबू उपसला आणि आपटून मोडला. तो कशासाठी होता, मला माहीत नव्हतं? मीच तर बांधलेला. डुकरीण भिंतीला टेकून आडवी झाली, तर पिल्लाला बांबूमागे निसटायला जागा राहावी म्हणून.

तासाभरात एकच किंकाळी आली. पोचेपर्यंत संपलं होतं.

आप्पा एवढंच म्हणाले, "पोरीवरचा राग त्या मुक्या जिवावर काढलास व्हय रं?" त्यापेक्षा त्यांनी मला मारायचं तरी. चिमणीला केळीच्या बुडाशी पुरलं. नवा बांबू बांधला. आता बांधून काय?

आत्ता अमृताचा मेसेज आला. "चुकलं माझं. आज घरी आपल्या दोघांचं बोलणार हाय. चिमणीचा फोटो पाठव की."

शेडमध्ये जाऊन फोटो काढला. सात पिल्लं आणि ते थान. अजून पाठवलेला नाही. ती विचारेल, मग बांबूचं सांगावं लागेल. ते ऐकल्यावर ती घरी माझ्याबद्दल काय सांगणार?