बोटीवर नेलेला फोन

दीपिका,
तू झोपलीयस, उठवायचा धीर झाला नाय.
मागल्या आठवड्यात तुझा फोन बोटीवर नेला, तेव्हा तीन दिवस बॅटरी पुरावी म्हणून मी मेलचं सिंक बंद केलं होतं. दांडीच्या किनाऱ्याला परत आलो नि चालू करायचं विसरलो. आज पहाटे ते बटण दिसलं, दाबलं, तर अडकलेले सगळे मेल एकदम आले. त्यातच तू परीक्षा दिलेल्या कंपनीचं पत्र हाय. मुलाखत काल होती.
मी त्यांच्या गेटवर चाललोय. आत सोडतील असं वाटत नाय. फोन देव्हाऱ्याजवळ ठेवलाय. बोंबलाचं कालवण झाकून हाय.
बोलावणं आलंच नाय म्हणून काल तू रडलीस, तेव्हा मीच म्हटलं, पुढल्या वेळी जरा जास्त अभ्यास कर.
तू कमी पडली नव्हतीस, पोरी. तुला बोलावलं होतं.
बाबा