आखणी बांधापासून वीस फूट

रविवार, ५ ऑक्टोबर

हाताला चार फोड! दोन फुटले. मोहिनीने हळद लावली आणि म्हणाली, "घरात एक खिळा ठोकायला दोन महिने लागतात तुम्हाला." खरं आहे. पण तिथे मजा येते, घरात येत नाही — हे बायकोला कसं सांगणार?

धरणगावच्या पुढे टेकवाडी शिवारात रुपचंद आबांची तीस एकर बरड जमीन आहे. टेकडी, मुरूम, बाभळी, मधून एक कोरडा नाला. काही पिकत नाही म्हणून आबांनी आमच्या जीप ग्रुपला वापरायला दिली. गाड्या चढवायच्या वाटा आम्हीच करायच्या, स्वतःच्या हातांनी, रविवारच्या रविवारी. डिसेंबरअखेर मोठा मेळावा, नाशिक-इंदूरहून गाड्या येणार. आज सतरा जण होतो. डॉक्टर, दुकानदार, एक वकील — सगळ्यांच्या हातात टिकाव!

माझ्याकडे जीप नाही. मी स्वप्नीलच्या शेजारी बसणारा. पण आखणी माझी! जळगावच्या पॉलिटेक्निकला पोरांना सर्व्हे शिकवतो ते इथे कामाला आलं. टेप लावायची, उतार बघायचा, चुन्याच्या फक्कीने रेघ मारायची. रेघ जिकडे, वाट तिकडे. स्वप्नील — ग्रुप त्याचा, जळगावात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान — सगळ्यांसमोर मला 'इंजिनिअर साहेब' म्हणतो. मी इंजिनिअर नाही. पण त्याला दुरुस्त केलं नाही.

आबांचा सालदार पुना दिवसभर आमच्याबरोबर राबला. टेकडीवरच्या खोलीत बायकोबरोबर राहतो. बारा वर्षं. तिथला दगड न् दगड त्याच्या ओळखीचा.

रविवार, १२ ऑक्टोबर

स्वप्नीलला दगडी चढण हवी. "गाडी चढताना बघणाऱ्याचा श्वास अडकला पाहिजे, साहेब!" त्यासाठी मोठे, सपाट दगड लागणार. नाल्यात आडवी रचलेली एक भिंत आहे. कमरेएवढी, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच गेलं.

पुना म्हणाला, "साहेब, ह्या दगडे नका उचला. हाऊ पानी अडावाना बांध शे."

मी म्हणालो, "नाला कोरडा पडलाय रे. आता कुठला पाऊस?"

"पानी काय सांगीसन येस का?"

स्वप्नील मोठ्याने हसला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले — साहेब काय म्हणतात?

हे असले बांध मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो! पाण्याचा जोर मोडतात, माती धरून ठेवतात. परीक्षेत पाच मार्कांना विचारतो. तरी म्हणालो, "घ्या. काही होत नाही." आणि घ्यायच्या दगडांवर फक्कीने फुल्या मारत गेलो. दुपारपर्यंत बांधाचा मधला भाग मोकळा झाला. जास्तीत जास्त दगड पुनानेच वाहिले. मी सांगितलं म्हणून.

रविवार, १९ ऑक्टोबर

दिवाळी, काम बंद. ग्रुपवर चढणीचा फोटो, खाली माझं नाव. तीनदा उघडून बघितला.

रविवार, २६ ऑक्टोबर

गाडी चढली! पहिल्या खेपेला घसरली, दुसऱ्या खेपेला चढली. शिट्ट्या, आरडाओरडा. स्वप्नीलने खाली उतरून मला मिठी मारली.

तेवढ्यात नाल्याच्या काठावर तानुबाई उभी दिसली. नाल्याच्या खाली तिचं शेत आहे, विहीर आहे. साठीच्या पुढची, एकटी कसते. म्हणाली, "भाऊ, आमना बांधना दगडे कोठे ग्यात?"

इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवलं. आलं होतं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

अवकाळी. दुपारी दोनला वर्गात दिवे लावावे लागले. पोरं खिडकीशी गेली. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. नाला, नाला, नाला.

बुधवार, ५ नोव्हेंबर

लिहायचं नव्हतं. पण लिहिलं नाही तर उद्या मी हे वेगळंच आठवायला लागेन.

सुट्टी होती, त्यामुळे जाणं टळलं नाही. सकाळी स्वप्नीलचा फोन — "गावात लफडं झालंय, चला." नाल्याचं पाणी मोकळ्या जागेतून सुसाट खाली गेलं आणि काठ फोडून तानुबाईच्या शेतात शिरलं. नुकताच उगवलेला हरभरा, आता नुसता चिखल आणि गोटे. विहिरीची एक बाजू ढासळलेली. आत वाकून बघितलं. पाणी नाही, गाळ! तांबूस, घट्ट, वर एक बादली उलटी रुतलेली.

पंधरा-वीस माणसं जमली होती. तानुबाई बोलत नव्हती. बोलत होती गावातली दुसरी बाई. "तीन उन्हाळे आम्ही बायासनी दगडे वाह्यात. बठ्ठा गावनी बांधेल बांध शे हाऊ. कोनी फोडा?"

स्वप्नील म्हणाला, "आमच्या लोकांनी बांधाला हातसुद्धा लावलेला नाही."

आबा माझ्याकडे वळले. पांढरी टोपी, कपाळावर आठ्या. "मास्तर, आखनी तुमनी शे. तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "आमची आखणी बांधापासून वीस फूट लांब आहे."

खोटं नाही! टेपने मोजलं तर बरोबर वीस फूट. या वाक्यात एक शब्द खोटा नाही. म्हणूनच ते इतकं सहज निघालं.

"मंग दगडे कोनी काढ्यात?"

मग स्वप्नील म्हणाला, "इथे चोवीस तास राहतं कोण? आम्हाला दगड पुनाने आणून दिले. त्यालाच विचारा."

पुना कडेला उभा होता. त्याने स्वप्नीलकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कुणी आपल्या पाळीची वाट बघतो तसं. मी खाली बघितलं. माझ्या बुटांना चिखल लागला होता, तो मी दगडाला घासून काढत राहिलो.

आबा म्हणाले, "पुना, तू व्हय?" तो बोलला नाही. आबांनी ते हो समजून घेतलं. सगळ्यांनी घेतलं. मीसुद्धा.

रविवार, ९ नोव्हेंबर

पोट बिघडल्याचं सांगून गेलो नाही. संध्याकाळी स्वप्नीलचा फोन — आबांनी पुनाला काढलं. खोली रिकामी करून नवरा-बायको गेले. "चला, विषय मिटला. पुढच्या रविवारी वळणाची आखणी घेऊ."

मी म्हणालो, "हो."

बुधवार, १२ नोव्हेंबर

ग्रुपवर टाकायला चार ओळी लिहिल्या. पुसल्या. परत लिहिल्या. त्यात 'आपण सर्वांनी' असं आलं, तेव्हा फोन बाजूला ठेवला. सर्वांनी कुठे? फुल्या तर मी मारल्या.

रविवार, १६ नोव्हेंबर

पुना धरणगावला एका जिनिंगमध्ये लागला आहे असं कळलं. गेलो. आत भोंग्यासारखा आवाज, हवेत कापूस. कापसाच्या ढिगावर उभा राहून तो सरकत्या पट्ट्यावर कापूस लोटत होता. भुवया, मिशा, सगळं पांढरं — मी आधी ओळखलंच नाही. त्याने मला ओळखलं. मुकादमाला विचारून बाहेर आला.

म्हणालो, "पुना, तू त्या दिवशी का बोलला नाहीस?"

"तुम्ही बोलशात म्हनीसन वाट दखी मी."

एवढंच. मग म्हणाला, आबांनी नीट विचारलं असतं तर मी सांगितलंच असतं की दगड मीच वाहिले. वाहिले तर होतेच. कोणी सांगितलं म्हणून वाहिले, ते सांगायचं काम माझं नव्हतं, साहेब.

मी म्हणालो, मी सांगतो. आबांना सांगतो, गावाला सांगतो.

"सांगा." टॉवेलने तोंड पुसलं. "आठे मन्हं मन लागत नही. यंत्रना आवाजमा डोकं फिरस. पन खावाले लागस ना." आणि आत गेला.

येताना बसमध्ये ठरवलं — या आठवड्यात. नक्की!

रविवार, २३ नोव्हेंबर

आधी स्वप्नीलला सांगावं असं वाटलं. का? गावात सांगायची हिंमत नव्हती म्हणून, दुसरं काय.

दुकानात गेलो. त्याने ऐकून घेतलं, चहा मागवला. म्हणाला, "साहेब, मेळावा महिन्यावर आलाय. आबा बिथरले तर जमीन हातची जाईल. पंचेचाळीस गाड्यांची नोंदणी झालीय. आणि पुनाला काम मिळालं ना? मग नुकसान कुणाचं?"

"तानुबाईचं."

"मेळावा झाला की विहिरीचं बघू काहीतरी. ग्रुपतर्फे. तुमच्याच हस्ते!"

मी चहा प्यायलो. आलं घातलेला होता. चांगला होता. मी तसं म्हणालोसुद्धा.

सोमवार, २४ नोव्हेंबर

मोहिनीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मग म्हणाली, "मला सांगून हलकं झालं ना? मग आता तुम्ही जाणार नाही."

मला ओळखते.

रविवार, ३० नोव्हेंबर

तानुबाईकडे गेलो. विहिरीवर होती. पाच-सहा बाया दोराने घमेली ओढून गाळ काढत होत्या. मी बाजूला उभा राहून सगळं सांगितलं. फुल्यांचं, पुनाचं, वीस फुटांचं. तिने दोर सोडला नाही, माझ्याकडे बघितलं नाही. घमेलं वर आलं, ते रिकामं केलं, मग बोलली.

"मंग आते मी काय करू? तुमनासंगे रडू?"

"माफी मागायला आलो, अक्का."

"माफी मांगाले एकटीकडे येस का कोनी? पुनावर आळ घेतला तो चार लोकेसनी समोर घेतला. तठेच सांगा."

दुसऱ्या बायांनी दोर ओढायला सुरुवात केली. मी हात लावायला गेलो. तानुबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमना हातनं नको."

असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. वडील रागीट होते, पण त्यांनीही नाही.

रविवार, ७ डिसेंबर

सांगितलं.

मेळाव्याच्या दिवशी गाड्या कुठे लावायच्या ते ठरवायला आबांनी गावकऱ्यांना पारावर बोलावलं होतं. ग्रुपमधले दहा-बारा जण होते. तानुबाई मागे बायांमध्ये बसलेली. स्वप्नील मैदानाचं बोलत असताना मी उभा राहिलो. मध्येच! त्याला वाटलं मी नकाशा दाखवतोय.

म्हणालो, बांध मी काढायला लावला. पुनाने नको म्हटलं होतं. मला बांधाचं सगळं कळतं, मी ते शिकवतो, तरी काढायला लावला. पाच नोव्हेंबरला तानुबाईच्या शेतात उभा राहून मी तुम्हाला फसवलं. पुनाचा काही दोष नाही.

पाठ करून गेलो होतो, त्यातलं निम्मंच आलं. कोणीतरी फिस्सकन हसलं. स्वप्नील म्हणाला, "साहेबांची तब्येत बरी नाही." मी म्हणालो, "बरी आहे."

आबांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "मास्तर, बारा साल व्हता पुना मन्हाकडे. एक सबदनी गोठ व्हती तुमनी. आनि मी बी त्याले नीट इचारं नही." मेळावा त्यांनी तिथल्या तिथे रद्द केला. पुनाला परत बोलवायला माणूस पाठवतो म्हणाले.

तानुबाई उठली, लुगड्याची धूळ झटकली. जाता जाता म्हणाली, "येता रविवारले येज्यात. पहारी लिसन येज्यात."

घरी पोचायच्या आत ग्रुपमधून काढून टाकलं होतं.

रविवार, १४ डिसेंबर

पाठ धरलीय. पण कसं सांगू!

चढणीचे दगड उचलून परत नाल्यात नेले. मी, ग्रुपमधला वकील आणि डॉक्टर — न सांगता आले दोघं! — आणि गावातली दहा-बारा माणसं. मी दगड नुसते रचत होतो. तानुबाईने एक काढून फेकला. "मोठा खाले! लहान वरे! हाई शिकाडतस का तुम्ही पोरेसले?" सगळे हसले. मीही हसलो. महिनाभरात पहिल्यांदा. दुपारी तिने तिच्या फडक्यातली भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला.

कमरेएवढा झाला बांध. आबांचा माणूस पुनाला शोधून आला. फोन बंद, जिनिंगमध्ये नाही. आबा म्हणाले, येईल, खोलीला चुना मारून ठेवू. खरंच मारत होते!

मोहिनी म्हणाली, "आज तोंड बरं दिसतंय." झालं ते झालं. उशिरा का होईना, सरळ केलं.

मंगळवार, १६ डिसेंबर

पुना सापडला. जळगावातच, सरकारी दवाखान्यात. जिनिंगच्या पट्ट्यात कापूस अडकला, तो काढायला हात घातला. उजवा. कोपराच्या खाली काही नाही.

कधी झालं, विचारलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. बायकोने सांगितलं — सहा तारखेले, शनिवारी.

मी रविवारी बोललो.