गुंडाचं नाव यादीत का नाही

१ जानेवारी १९४६, मंगळवार. पहाटे ५.०५
नवं वर्ष, नवी वही. मार्चअखेर आमच्या व्यायाम मंडळाला दहा वर्षं होतात. अध्यक्ष आप्पासो यांची सूचना : हॉलमध्ये मोठा लाकडी बोर्ड लावायचा आणि त्यावर सातारा-सांगलीचे सर्वकाळचे पाच थोर बास्केटबॉल खेळाडू रंगवून घ्यायचे. निवडीचं काम माझ्याकडे आलं. (हात मीच वर केला. दुसऱ्या कोणाचा वर आला नाही, यावरून विश्वास दिसतो.)
सर्वकाळ म्हणजे १९३६ ते आजतागायत. हा खेळ इकडे आणला कोणी? मुंबईच्या ट्रेनिंगहून परतताना मी. हायस्कूलचा ड्रिल मास्तर या नात्यानं शिकवलाही मीच. तेव्हा निर्णय निःपक्षपाती होणार हे उघड आहे. आठ दिवसांत काम उरकतो.
शिवाय आजपासून रोज पहाटे ग्राउंडवर पन्नास थ्रो.
५.२०. थंडी फार. उद्यापासून.

३ जानेवारी
मार्क पद्धत पक्की केली. शिस्त ४०, हजेरी २५, स्वच्छ गणवेश १५, वडीलधाऱ्यांशी वागणूक १०, बास्केट १०. आमची सौ. म्हणाली, आवं, चेंडू जाळीत टाकायला धाच मार्क व्हय? खेळातली खोली बायकांना कळणं कठीण.
पद्धत तपासायला दोन नावं घेतली. सांगलीचा आदगोंडा पाटील, ज्याच्या टीमनं आम्हाला सहा वर्षांत पाच वेळा हरवलं, त्याला ३८. तो खेळताना हसतो. मला स्वतःला ९१. पद्धत बरोबर चालते आहे.
थ्रो : शून्य. कमरेत उसण.

९ जानेवारी
यादी तयार. पहिले आप्पासो (ग्राउंडची जागा त्यांची, जागेशिवाय खेळ कसला?). मग पोस्टातले दोघं बंधू, मग कोर्टातले बेलीफ, पाचवा मी. स्वतःला पाचवं ठेवलं, हा विनय.
सौ. चहा घेऊन आली आणि यादीकडे बघत उभी राहिली. म्हणाली, ह्यात गुंडाभावजी कुठं हायती?
मी तिला नियम चौथा समजावून सांगितला. ज्याचा खेळ अजून चालू आहे, त्याला सर्वकाळचा थोर ठरवता येत नाही. पुढे तो आणखी काय करेल कोण सांगणार? गुंडाचा खेळ चालू आहे. तो परत आल्यावर, खेळून रिटायर झाल्यावर, रीतसर विचार होईल.
सौ.नं कप उचलून नेला. त्यात चहा शिल्लक होता.

१५ जानेवारी
कालचा तिळगूळ गुंडाच्या वाटणीचा डब्यात ठेवला.
गुंडा माझा धाकटा भाऊ. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, म्हणून मीच वाढवला. एक्केचाळीस साली पलटणीबरोबर मलायाला गेला. सिंगापूर पडल्यावर तार आली, 'बेपत्ता'. पुढल्या वर्षी जपान्यांच्या कैदेतून एक कार्ड आलं, बरा आहे म्हणून. त्यानंतर काही नाही. पण आता बोटी भरभरून कैदी परत येताहेत. आठवड्याला एक तरी गडी सातारा रोड स्टेशनवर उतरतो. काहीजण आझाद हिंद सेनेत गेले म्हणून सरकारनं अडकवून ठेवलेत. गुंडा त्यांच्यातच असणार. स्वभावानं तापट आहे.
सरकारी काम, वेळ लागतो. दर रविवारी चेंडूत हवा भरून ठेवतो.

२० जानेवारी, रविवार
आदगोंडा खास सांगलीहून आला. यादी वाचून नेहमीसारखा हसला. म्हणाला, मास्तर, पयला गुंडा लिवा. मग धा जागा मोकळ्या सोडा. मग आमच्यासारख्यांची नावं घाला.
मी नियम चौथा दाखवला आणि त्याच नियमानं तो स्वतःही बाद आहे हे नजरेस आणलं, कारण तो अजून खेळतो. त्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट विचारलं, तुमी बी खेळताय न्हवं?
अडचण खरी होती. म्हणून सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी खेळातून निवृत्ती जाहीर केली. निरोप समारंभाबद्दल आप्पासोंना चिठ्ठी पाठवली. त्यांनी उलट विचारलं, कशातून निवृत्त होताय ते कळवावे.
निवृत्तीमुळे पहाटेचे थ्रो आपोआप रद्द.

२ फेब्रुवारी
फौजेच्या ऑफिसातून छापील कागद आला. इतका काळ ठावठिकाणा नाही, तरी सदर शिपाई मयत समजण्यास घरच्यांनी संमती द्यावी, खाली कुटुंबप्रमुखाची सही. इंग्रजी बरं आहे, मुद्दा चुकीचा आहे.
गुंडाची बायको बनुबाई हिचे वडील शिराळ्याहून आले. म्हणाले, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिपायांच्या विधवांसाठी जागा ठेवल्यात, बनू सातवीची फायनल पास हाय, मास्तरीण व्हईल. पंधरा मार्चच्या आत ह्यो कागद जोडाया लागतोय.
बनुबाई बावीस वर्षांची. लग्नाला सहा वर्षं झाली. मी थोरला दीर, त्यामुळे ती माझ्यासमोर बोलत नाही, दाराआड उभी राहते. आजही होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. ज्या बाईच्या कपाळावर कुंकू आहे तिला विधवांच्या जागेवर कसं बसवायचं? नियमात बसत नाही.
कागद नियमावलीच्या वहीखाली ठेवला आहे. नकार दिलेला नाही. फक्त लांबणीवर.

१० फेब्रुवारी
दिल्ली, पुणे, बेळगाव मिळून पाच ऑफिसांना पत्रं लिहिली. पत्रात गुंडाची उंची, छाती आणि १९४० सालच्या मॅचचा स्कोअर दिला आहे. ओळख पटायला सोपं.
उत्तर आठ दिवसांत यायला हरकत नाही.

२४ फेब्रुवारी
मंडळाची सभा. गुंडाला पहिला नंबर द्यावा, असा ठराव आदगोंडानं सांगलीहून पत्रानं पाठवला होता. मी दीड तास विरोध केला. गुंडाचे दोष एकूण एक मांडले. बूट न पुसणं, शिट्टी झाल्यावरही चेंडू टाकणं, रेफ्रीकडे बघून डोळा मारणं. बोलता बोलता माझा आवाज बसला, सर्दीमुळे. बाजूने अकरा, विरोधात एक. भावाचा मत्सर करतो, असं मागच्या बाकावर कोणीतरी पुटपुटलं. पुटपुटू दे.
सभेनंतर आप्पासोंनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, मास्तर, आता पुरं करा.
मत्सर! मार्क पद्धतीनंही त्याला ८४ पडतात. सगळ्यांत जास्त. मी माझे ९१ पुन्हा मोजले, ६० भरतात. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पण बोर्डावर नाव एकदा रंगवलं की रंगारी त्याच्याआधी 'कै.' लावणार, आणि ते मला नको आहे. एवढंच आहे.

३ मार्च, रविवार
एक माणूस घर विचारत आला. हंबीरराव नाव, कोरेगावकडचा, आठवड्यापूर्वी बोटीनं परत आलेला. हाडं आणि डोळे, बाकी काही नाही. गुंडाबरोबर कुठल्याशा बेटावर जपान्यांच्या कैदेत होता. तिकडे नारळाच्या झाडाला त्यांनी पिंपाचं कडं ठोकलं होतं. चिंध्या आणि काथ्या वळून चेंडू केला होता. पहारेकरी पैज लावायचे, लांबून टाकलास तर मूठभर भात. गुंडा टाकायचा. भात आजाऱ्यांना वाटायचा.
हंबीरराव म्हणाला, मी जगलो त्यो त्याच्या भातावर. चव्वेचाळीसच्या दिवाळीच्या सुमाराला हगवण लागली त्याला. चार दिवसांत गेला. ह्या हातांनी माती दिली. घरी सांगीन म्हणून शब्द दिल्ता.
आत भांडं पडल्याचा आवाज आला. मी त्याला जेवून जा म्हणालो. तो जेवला नाही.

४ मार्च. सकाळी
अत्यंत महत्त्वाचं! हंबीररावाच्या हकिगतीत चूक सापडली. जाताना त्यानं हात करून दाखवला, असा टाकायचा बघा. डावा हात होता!
आमचा गुंडा उजवा. लहानपणी डावरा होता खरा, पण डाव्या हातानं चेंडू टाकणं दिसायला वाईट, म्हणून तो चौदा वर्षांचा असताना मी वर्षभर रोज संध्याकाळी त्याचा डावा हात पंच्यानं पाठीशी बांधून प्रॅक्टिस घेतली. पूर्ण बरा झाला. सांगलीविरुद्धच्या सहाही मॅचेस उजव्या हातानं खेळला, मी समोर उभा होतो. तेव्हा हंबीररावाचा गुंडा तो दुसरा कोणी गुंडा. आपल्याकडे गुंडा नावाचे काय कमी आहेत?
राजवाड्याजवळून कंदी पेढे आणले. गल्लीत घरोघर वाटले. लोकांनी पेढा हातात घेतला, पण कोणी तोंडात टाकला नाही. उपास असेल, सोमवार आहे.

६ मार्च
आज बनुबाई माझ्याशी बोलली.
मी पडवीत पत्र लिहीत होतो. ती दाराआडून पुढे आली आणि समोर उभी राहिली. मान खाली नव्हती. कपाळावर कुंकू नव्हतं. ते तिनं रविवारीच पुसलं होतं, असं सौ. नंतर म्हणाली. म्हणजे मी पेढे वाटत होतो तेव्हाही नव्हतं. मला दिसलं नाही. मी बघितलं नाही.
ती म्हणाली, दादा, त्ये डावरंच हुतं.
म्हणाली, आमच्या शिराळ्याला आलं की परड्यातल्या जांभळीला पाटी बांधायचं आन् डाव्या हातानं बटाटं टाकायचं. हितनं तितनं, वळून, पाठमोरं. एक बी भायेर पडायचा न्हाई. सगळी आळी बगाया यायची. मी म्हनलं, सांगलीच्या म्होरं असं का खेळत न्हाई? तर म्हनलं, दादा हुबा असतो. त्यानं वरीसभर हात बांधला, त्याची म्हेनत वाया गेली असं वाटंल त्याला. मॅच हरली तर हरू दे. पण त्याच्या म्होरं डावा हात न्हाई.
मग म्हणाली, त्येच हुतं, दादा. तुमी सही करा.
सहा वर्षांतलं तिचं माझ्याशी पहिलं बोलणं.

७ मार्च
शाळेत गेलो नाही.

८ मार्च
शाळेत गेलो नाही. पाच पराभवांचे स्कोअर काढून बसलो. दोन बास्केटनं, एका बास्केटनं, तीन, एक, दोन.

११ मार्च
एक शंका : हंबीररावाला तारखा नीट आठवत असतील का? पत्र लिहायला घेतलं. 'माननीय' पर्यंत आलो आणि फाडलं.
सौ. शेजारी येऊन बसली आणि तांदूळ निवडत राहिली. मी रडलो. हे लिहायचं नव्हतं, पण ही वही माझ्याशिवाय कोण वाचणार.

१४ मार्च
सही केली. 'कुटुंबप्रमुख' या शब्दापुढे.
बनुबाईचे वडील सर्व्हिस मोटारीनं आजच कागद घेऊन पुण्याला गेले. बनुबाईनं वाकून नमस्कार केला. आशीर्वाद काय द्यायचा ते सुचेना. आजवर एकच देत आलो होतो, अखंड सौभाग्यवती. चांगली शीक, म्हणालो.

२२ मार्च
रंगाऱ्याला यादी दिली. पहिला गुंडा. दुसरा आदगोंडा, मार्क पद्धत आणि नियम चौथा रद्द. पोस्टातले बंधू, बेलीफ. आप्पासोंनी आपलं नाव आपण होऊन काढलं, माझं मी काढलं. रंगाऱ्यानं विचारलं, पयल्या नावाआधी कै. लावायचं न्हवं? हो म्हणालो. तो म्हणाला, जागा बसत न्हाई, बारीक काढतो.

३१ मार्च १९४६, रविवार
समारंभ झाला. हॉल भरला होता. सांगलीहून पंचवीस माणसं आली. हंबीररावालाही बोलावलं होतं, तो मागे भिंतीला टेकून बसला. बायकांत बनुबाई होती.
आदगोंडा उठून म्हणाला, मी हसत खेळायचो, कारण गुंडा समोर असला की हरायची बी मजा असती, पण त्यो कधी पुरा खेळला न्हाई असं वाटायचं, का त्ये कळलं न्हाई. मास्तरांनी त्याला घडीवलं. सर्वकाळचा पयला खेळाडू कसा खेळायचा त्ये मास्तरांनीच सांगावं.
टाळ्या झाल्या. मी चाळीस मिनिटांचं भाषण लिहून आणलं होतं. उभा राहिलो, कागद उघडला. उजव्या हाताचा फॉलो-थ्रू, गुडघ्याचा कोन, सगळं माझंच होतं. माणसं वाट बघत होती.
मग खरं ते सांगितलं. म्हणालो, मला माहीत नाही. त्याचा खेळ शिराळ्याच्या आळीनं पाहिला, बेटावरच्या कैद्यांनी पाहिला, जपानी पहारेकऱ्यांनीसुद्धा पाहिला. मी त्याचा भाऊ, सहाही मॅचेसना चार हातांवर उभा होतो. मी एकदाही पाहिला नाही.
हंबीररावाला म्हणालो, तू सांग. तो पुढे आला. मी खाली सतरंजीवर बसलो आणि गुंडा कसा खेळायचा ते ऐकलं.